बगळ्याची भिंत

आम्ही चौघं मित्र भिंती रंगवायचो. आमचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. दुसऱ्याच्या चित्रावर रंग चढवायचा तर आधी त्याला विचारायचं. चढवलाच तर स्वतःच्या हातानं, आणि खाली सही करायची. तोंड लपवायचं नाही. गेलेल्या माणसाच्या भिंतीला तर हातच लावायचा नाही.

पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्यातल्या एकानं निळ्या पाण्यात उभा बगळा काढला होता. एक पंख राहिला. त्याच आठवड्यात तो हायवेवर अपघातात गेला.

कुंभमेळ्यासाठी भिंती सजवायचं काम निघालं, तेव्हा अर्ज मी लिहिला. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडेच. त्यातलं एक वाक्य मला फार जमल्यासारखं वाटलं होतं: 'या रस्त्यावरील सर्व भिंतींवरचे जुने रंगकाम आम्ही पूर्णपणे पुसून देऊ.' लिहिताना डोळ्यांसमोर क्लासच्या जाहिराती होत्या. बगळा आठवलाच नाही. तो आमच्या लेखी जुनं रंगकाम नव्हताच.

महापालिकेच्या साहेबांनी नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. "तुम्हीच लिहिलंय ना?"

"एवढी एक भिंत सोडा, साहेब."

"मग सगळंच सोडा. दुसरे तयार आहेत."

बाकीच्या दोघांनी या कामासाठी हातातल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. मी अर्ज मागे घेतला नाही.

विचारायचं कोणाला? बगळा काढणारा तर गेलेला. मखमलाबादला त्याच्या आईकडे गेलो. ती झेंडू खुडत होती. मी सगळं सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "लय शिकला ना तू? मग आपलंच लिहिलेलं वाचता नाय आलं?"

"चुकलं, मावशी. तुम्ही नाही म्हणा, मी हात लावणार नाही."

"म्हंजी ते बी माझ्याच गळ्यात? तुझी सही, तू बघ."

निघताना तिनं नेहमीसारखी पिशवीभर फुलं दिली. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानंच रोलर घेतला. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले तरी निळा खालून दिसत होता. तिसरा दिला. मग नियमाप्रमाणे कोपऱ्यात सही केली.

पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "भिंतीवर नाव चालणार नाही. अर्जावर आहे ना तुमची सही? तेवढी पुरे."

मी रोलर परत पांढऱ्यात बुडवला.