जिनं शेठचंही भाषांतर केलं

शेठ, तुमचा हार मी गेटवरूनच परत पाठवला.

माझी मोठी बहीण, मंदाताई, आज सकाळी गेली. दुपार व्हायच्या आत तुमचा ड्रायव्हर समता कॉलनीत आमच्या गेटवर हजर. हारावर चिठ्ठी, "हमारे परिवार की सदस्य."

परिवार?

मित्रांनो, हे शेठ कोण ते सांगते.

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ताई दुभाषी. मराठी घरची, हिंदी शाळेची, छत्तीसगढी पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, अन् इंग्रजी हट्टानं कमावलेली.

रायपूरला लागून उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं शेठच्या स्टील फॅक्टरीत परदेशी मदतीतून धूळ पकडायची मशीन बसली होती. दोन देशांचा जॉइंट प्रोजेक्ट. ती चालते का, ते पाहायला जर्मनीहून टीम आली. ताई त्यांच्यासोबत.

त्या दिवशी मशीन चालू. चिमणीतून धूर नाही. गेटवर नव्या कुंड्या.

मागच्या वस्तीतल्या फुलमतबाईला पाहुण्यांनी विचारलं, आता हवा कशी आहे?

ती म्हणाली, "आज तुमन आए हव, त मसीन चलत हे. काली फेर बंद हो जाही."

शेठ हसत ताईच्या कानाशी आले. "मॅडम, बोल दीजिए, बाई बहुत खुश है."

ताईनं आधी फुलमतबाईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. आज तुम्ही आलात म्हणून चालू आहे, उद्या बंद होईल.

मग त्याच आवाजात शेठचंही सांगून टाकलं. "अन् हे साहेब म्हणतात, बाई खूश आहे असं सांगा."

शेठचं हसू तिथंच थिजलं.

दुसऱ्या दिवशी टीम न सांगता परत आली. मशीन बंद. वस्तीत दोरीवरचे कपडे काळे. पुढची मदत थांबली.

शेठनं सूड घेतला. "बाहरवालों के सामने नाक कटवा दी," असं ऑफिसाऑफिसात सांगितलं. रायपुरात ताईला परत कोणी दुभाषी म्हणून बोलावलं नाही. शेवटपर्यंत ट्यूशन घेतल्या तिनं.

फुलमतबाईचा नवरा त्यांच्याच फॅक्टरीत होता, त्यालाही त्यांनी कामावरून काढलं. ताई तिच्या घरी जाऊन रडली.

फुलमतबाई म्हणाली, "तैं काबर रोवत हस, दीदी? लबारी थोरे मारे हन."

रडतेस कशाला, खोटं थोडीच बोललो आपण!

ताई धुरानं गेली असं मी म्हणत नाही. किडन्या गेल्या होत्या. खोटं तिला चाललं नसतं.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलात मी म्हटलं, "ताई, आता तरी त्या माणसाले माफ करून टाक."

तिनं डोळे उघडले. "काहून करू? त्याची मशीन चालू झाली का?"

नाही झाली. वस्तीतले लोक अजूनही सांगतात, तपासणी असली की चालू, गाडी वळली की बंद.

शेठ, तुमचा पुतण्या माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, म्हणजे हे तुम्ही वाचणारच.

पुढच्या महिन्यात नवा रायपूरला पर्यावरणाची मोठी कॉन्फरन्स आहे. परदेशी पाहुणे येणार, स्टेजवर तुम्ही बसणार. कार्ड पाहिलं मी.

मी येऊन राहिली. फुलमतबाई पण येऊन राहिली. ती बोलेल, मी इंग्रजीत सांगेन. माझं इंग्रजी ताईसारखं नाही, पण तुमची झोप उडवण्यापुरतं आहे.

ताई, जा आता. आराम कर.
आम्ही मात्र माफ करणार नाही.

तुझ्या धाकटीचा तुले शेवटचा नमस्कार.