झेंडूच्या माळेखालचा ब्रेक

वाचनालयाच्या या फळ्यावर आजचा अनुभव लिहीत आहे. मोटारसायकलवाल्यांनी तो अवश्य वाचावा.

आज दसरा. जावईबापू मोटारसायकलवरून आमच्या मुलीस कल्याणला नेण्यास आले. पूजेची झेंडूची माळ त्यांनी हँडलवर अशी करकचून बांधली होती, की उजव्या मुठीजवळची पुढच्या ब्रेकची दांडी दाबलीच जाईना. मला शंका आली, तसे मी जावयांस विचारले.

"पुढचा ब्रेक मी वापरतच नाही, मामा. माणूस उलटा पडतो."

"एकदम आवळला तर पडतो. मागे मुलगी बसणार आहे. आधी थांबून दाखवा."

मैदानात मी काठीने रेघ ओढली. केवळ पायाच्या ब्रेकने मागचे चाक घसरले व गाडी रेघेच्या बरीच पुढे गेली. मी माळ सोडली. गाडी सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवीत लावण्यास सांगितले. गाडी रेघेअलीकडेच थांबली.

"पटले, मामा." फार लवकर पटले.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता बसू, की कल्याणपर्यंत रेघ ओढणार?"

दोघे निघाले; गाडी टेंभी नाक्यावर वळताना जावयांचा उजवा हात मला दिसला नाही. कल्याणच्या रस्त्यावर ते कोणास दिसले असल्यास, बोटे ब्रेकवर होती काय, एवढे कळवावे.