दारापुढची भिंत

वडिलांनी घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापासून तीन फूट उंच घेतलं होतं. ते साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळं माप त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गावाबाहेरची काळी रानं मोडून नुकतेच प्लॉट पडले होते, कालवा जवळच होता आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. "या मातीचा भरवसा न्हाई," असं म्हणत त्यांनी दारापुढं चार पायऱ्या बांधल्या.

पुढं कॉलनीत मुरूम पडला, मग डांबर, मग डांबरावर सिमेंट. खालचं कुणी उकरलं नाही. दर वेळी एक पायरी रस्त्यात गेली. दोन वर्षांमागं पुन्हा सिमेंटचं काम निघालं, तेव्हा एकच पायरी उरली होती.

वडील पातळी मोजायची पाण्याची नळी घेऊन बाहेर आले. एक टोक उंबऱ्याला धरलं, दुसरं मुकादमाच्या हातात दिलं. नवा रस्ता उंबऱ्याच्या चार बोटं वर जाणार होता.

"आता सांग, पाणी कुठं जाईल?"

"तुमच्या घरात, काका," मुकादम म्हणाला. "तुमचं बरोबर हाय. पण मला जेवढं सांगितलंय तेवढं मी टाकणार."

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. तीन अर्ज दिले. हापिसातले साहेबही "बरोबर आहे तुमचं" म्हणाले. तुमचं चुकतंय, असं एकानंही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. रस्ता झाला.

भादव्यात एका दुपारी तासभर पाऊस झाला आणि पाणी थेट स्वयंपाकघरापर्यंत आलं. आई पिठाचा डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहिली. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी विटा आणल्या आणि स्वतःच्या हातानं दारापुढं दीड फुटाची भिंत घातली. आम्ही ती ओलांडून ये-जा करू लागलो. पुढच्या पावसात आमच्याकडं थेंब आला नाही.

ते पाणी शेजारच्या काकूंकडं गेलं. त्यांच्या दोनच खोल्या. लकवा झालेले काका तीन वर्षांपासून खाटेवर, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. आम्ही धावलो तेव्हा खाटेचे पाय बुडाले होते आणि काकू घमेल्यानं पाणी उपसत होत्या. वडिलांनी बाहेर येऊन पाहिलं. आमच्या भिंतीला थडकून पाणी त्यांच्या दाराकडं वळत होतं.

वडिलांनी घरातून पहार आणली. काकू भिजतच आडव्या आल्या.

"दादा, कावून पाडताव? तुमी पाडली म्हणून माझ्याकडचं थांबायचं न्हाई. दोनी घरं बुडतील."

"मग वहिनी, तुमच्या दारापुढं बी घालतो उद्या."

"आन् मग ते पलीकडं जाईल. तिथं बाळंतीण हाय."

वडिलांनी पहार खाली ठेवली आणि त्याच भिंतीवर पावसात बसून राहिले. आईनं दोनदा हाक मारली, पण उठले नाहीत.

तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आणि वडील काकांना खुर्चीवर बसवतो, भिंतीवरून उचलून आमच्या पुढच्या खोलीत आणतो. वडिलांची सत्तरी उलटली आहे. भिंतीपाशी त्यांना खुर्ची टेकवून दम घ्यावा लागतो, ते मला दिसतं, पण थांबा म्हणता येत नाही. काका आमच्याकडं भिंतीकडं तोंड करून पडून असतात. आई चहा देते, तो बशीत तसाच निवतो.

परवा पुन्हा ढग आले. खुर्ची त्यांच्या दारात आली तेव्हा काकांनी डाव्या हातानं चौकट धरली. कधी नव्हे एवढी ताकद त्या हातात होती.

"सोडा ना," काकू म्हणत होत्या. "आपलंच घर हाय ते बी. पाणी ओसरलं की येऊ लगेच."

काका सोडेनात. घशातून नुसता घरघर आवाज येत होता. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. मग मीच काकांची बोटं एकेक करून सोडवली. बाहेर अजून पाऊस सुरूही झाला नव्हता.