माडाला घातलेली पेज

उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला की आजही मी पुढ्यातलं ताट बाजूला सारते.

मी सात वर्षांची होते. बाबांना देवी आल्या आणि तोंडवलीतल्या आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, कुणी पाऊल टाकेना. घरात मूठभर नाचणीचं पीठ उरलं होतं. यायची ती फक्त शेजारची पासकीन मावशी, रोज सकाळी, वाफाळत्या पेजेचं मडकं घेऊन. आई ते हसून घ्यायची आणि तिची पाठ फिरली की माडाच्या आळ्यात ओतायची. घरात देवी असताना किरिस्तावाच्या हातचं शिजलेलं कसं चालणार? पेज मातीत जिरताना मी उपाशीपोटी बघत बसायचे.

चौथ्या दिवशी मी मावशीला तोंडावर सांगून टाकलं, "आई तुझी पेज माडाक घालता."

मावशी मडकं घेऊन तशीच परत गेली. मला वाटलं, रागावली. पण ती पदरात कोरडे तांदूळ घेऊन आली.

"कच्च्याक इटाळ नसता मा गो, वयनी? ह्ये तरी घे. चेडवाक उपाशी ठेवू नको."

आईने सूप पुढे केलं. मावशीने छातीवर क्रूस काढला. "सायबा, तुझे उपकार. घेतल्यान तिना."

ती कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचली नाही तोच आईने माझ्या हातात तांब्या दिला. मावशी उभी होती तिथे मी पाणी शिंपडू लागले. तिने वळून पाहिलं. मी थांबले नाही. तिच्या डोळ्यांदेखत तांब्या रिकामा केला, आणि मग त्याच तांदळांची पेज पोटभर जेवले.