लुगड्याचं उत्तर अजून बाकी आहे

लांजेवार सरांची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली नाही. ती आमच्या अंगणात झाली, आणि त्या वेळी माझी ट्रंक भरून दारात ठेवलेली होती. मला माहेरी, सिहोऱ्याला, धाडून द्यायचं ठरलं होतं, कारण घरात आगी लागत होत्या.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लाखांदूरकडच्या एका विणकर घराची मी नवी सून, बारावी सायन्स झालेली. आमच्याकडे मागांच्या लाकडाला उन्हाळ्यात जवसाचं तेल चोळायची पद्धत. त्या वर्षी मात्र घरात कुणी नसताना कोपऱ्यातून धूर निघू लागला, कधी मागाच्या खोलीत तर कधी सपरीत, म्हणजे पडवीत. एके दुपारी मधल्या खोलीत दांडीवर टांगलेलं सासूबाईंचं लुगडं टांगल्या जागी जळालं. शेजारणी भानामती म्हणू लागल्या आणि नव्या सुनेच्या हातांकडे बघू लागल्या. खरं सांगते, मलाही माझ्याच हातांची भीती वाटू लागली होती. मी ते पदराखाली झाकून बसायची.

माझी नणंद साकोलीला बी.एस्सी. करत होती. तिने आपल्या रसायनशास्त्राच्या सरांना हे सांगितलं आणि सर एसटीने आले. आता अंधश्रद्धेवर व्याख्यान ऐकावं लागणार, असं सगळ्यांना वाटलं. सरांनी पाणी मागितलं आणि एवढंच विचारलं, "तेल पुसलेले फडके कुठं ठेवता जी?"

"आधी बाहेर कुपाटीच्या काट्यांवर फेकत होतो," सासूबाई म्हणाल्या. "हे सून आली तवापासून टोपलीत दाबून भरते. लय टापटीप हाय तिले."

सासूबाईंच्या तोंडून माझं कौतुक मी प्रथमच ऐकलं, तेही तक्रार म्हणून.

सरांनी मला समोरच्या कडुनिंबाखाली, सगळ्यांना दिसेल असं बसवलं. तेलकट फडके त्यांनी सासूबाईंच्याच हातांनी टोपलीत दाबून भरवले. सपरीच्या सावलीत टोपली ठेवून मधोमध थर्मामीटर खोचला आणि पाण्याची बादली जवळ घेतली. मग नुसतं बसून राहायचं. अख्खी गल्ली एका टोपलीकडे बघत होती. पारा आधी रेंगाळला, मग चढतच गेला. सरांनी सांगितल्यावरून सासूबाईंनी फडक्यांत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"याच्या आतनी जीव हाय जी!"

थोड्या वेळाने कुणीही हात लावलेला नसताना धुराची बारीक रेघ वर निघाली.

"माह्याच हातानं पेटलं," म्हणत सासूबाई मटकन खाली बसल्या.

"हात कोनाचाच नाही, आई," सर म्हणाले आणि त्यांनी टोपलीवर पाणी ओतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. जवसाचं तेल नुसतं सुकत नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, पातळाचं घट्ट होतं, आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. फडका पसरलेला असला तर ती उडून जाते, दाबून भरला तर आत कोंडते. उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो आणि वेगाने आणखी उष्णता. आज मी अभिक्रियेचा वेग शिकवते तेव्हा पुस्तकातला आलेख फळ्यावर काढते, पण मनात ती टोपलीच असते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. सासूबाईंनी मान वर केली. "अन् माहं लुगडं? त्याले तं तेल नोतं लागलं."

सगळ्या नजरा पुन्हा माझ्याकडे वळल्या. सरांनी काहीतरी पटेलसं सांगून वेळ मारून नेली असती, तर कुणाला कळलं असतं? ते मधल्या खोलीत गेले. दांडी पाहिली, वरची छपराची कवेलू पाहिली, राख हुंगली. बराच वेळ आत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ते मले नाही मालूम, आई. पन मले मालूम नाही म्हनून ते या पोरीनं केलं, असं होत नाही."

सासूबाई आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि ट्रंक त्यांनी स्वतः ओढत आत नेली.

पुढे मी नणंदेबरोबर साकोलीला शिकायला जाऊ लागले, ते सरांनी घरच्यांशी बोलून जमवलं. शेवटची एसटी चुकली की आम्हा मुलींचं जेवण आणि अंथरूण सरांच्याच घरी. त्यांच्या वर्गात 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला कधी मान खाली घालावी लागली नाही. थाप मारणाऱ्याची मात्र धडगत नसे.

त्यानंतर आमच्याकडे आग लागली नाही. तरी सर घरी आले की आधी मधल्या खोलीत जाऊन दांडीकडे बघतात. आता वयाने वाकलेल्या सासूबाई विचारतात, "सापडलं का जी काही?" सर म्हणतात, "नाही, आई. पाहून राहिलो." त्या दांडीवर आजही कुणी कपडा टाकत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, पण मीही टाकत नाही.

सर, आपण पंचाहत्तर वर्षांचे झालात. आपल्याला भरपूर आयुष्य, ठणठणीत प्रकृती आणि न कुरकुरणारे गुडघे लाभोत. लुगड्याचं उत्तरही कधीतरी सापडो, पण घाई करू नका. आपण ते शोधत आहात, तोवर कुणी माझ्या हातांकडे बघत नाही.