गाठ आढळली नाही

कल्पिता तांडेल एमबीबीएस झाली तेव्हा झाईच्या किनाऱ्यावर घरोघर पेढे गेले होते. एम.डी.ला तिनं पॅथॉलॉजी घेतली तेव्हा मात्र कुणालाच काय बोलावं कळेना. तिची आई शांती बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "त्या लॅबमध्ये रक्त काढायला बाया असतात, तसलं?"

"रक्त दुसरं कुणी काढतं. मी बघते."

"काय बघतेस?"

"माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा. कागदाहून पातळ कापायचा, रंगवायचा आणि काचेवर ठेवून मायक्रोस्कोपमधून बघायचा. रोग आहे का, असला तर कोणता, ते मी सांगायचं. मग बाकीचे डॉक्टर औषध देणार."

"म्हणजे पेशंट तुला ओळखणारसुद्धा नाही," शांती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

स्त्रीरोगाची जागा मिळत असूनही तिनं सोडली होती. घरात कुणाचा तरी कॅन्सर उशिरा कळला असेल, म्हणून हिनं हे मनावर घेतलं, असं लोक धरून चालत. "तसं काही झालेलं नाही," ती सांगायची. "दुसऱ्या वर्षाला लिव्हरची स्लाइड बघितली. दोन तास उठले नाही. मला आवडलं. आवडणं हे कारण पुरत नाही का?"

डहाणूत तिनं लॅब काढली. लघवी-रक्त तपासणाऱ्या लॅब गावात होत्याच. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव तपासण्याची सोय मात्र कुणाकडे नव्हती, ते नमुने मुंबईला नाही तर सुरतेला जायचे. कल्पितानं ते काम सुरू केलं. मदतीला संगीता नावाची टेक्निशियन होती. तुकडे मेणात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सर्वात जास्त नमुने यायचे ते तलासरीकडच्या एका खासगी हॉस्पिटलातून. तिथले सर्जन डॉक्टर देवेश. बरण्यांमधून गर्भाशयं यायची आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'गाठी'. कल्पिता कापून बघायची. पहिल्यांदा गाठ सापडली नाही तेव्हा तिनं पुन्हा बारीक कापून बघितलं. दुसऱ्यांदाही तसंच. पावसाळा संपेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की बायका तिशीच्या आत-बाहेरच्या आहेत, सायवन, गंजाड अशा आतल्या गावांतल्या आहेत आणि त्यांच्या गर्भपिशव्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही. प्रत्येक रिपोर्टवर तिनं दिसलं तेच लिहिलं : गाठ आढळली नाही, रोगाचं कोणतंही लक्षण नाही.

एके दुपारी डॉक्टर देवेश स्वतः लॅबमध्ये आले.

"मॅडम, तुमचे रिपोर्ट फार कोरडे असतात हो."

"म्हणजे?"

"थोडीफार सूज प्रत्येकीलाच असते. तेवढं लिहीत जा. विम्याची फाइल अडून राहते."

"सूज दिसली की लिहितेच. तुम्ही गाठ म्हणून पाठवता, ती नसते. तेही लिहावं लागतं."

"तुम्ही पेशंट बघत नाही. नुसती काच बघता. बाईला काय त्रास होता ते तुम्हाला काय माहीत?"

"त्रास मला माहीत नाही, बरोबर. पण चिठ्ठीवर तुम्ही त्रास लिहीत नाही, गाठ लिहिता. गाठ मला माहीत आहे."

ते हसले, उठले. दुसऱ्या दिवसापासून बरण्या बंद झाल्या. पुढच्या महिन्याभरात आणखी दोन हॉस्पिटलांनी पाठ फिरवली.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. वडिलांचे थोरले भाऊ, तात्या, मुद्दाम बस धरून डहाणूला आले. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"पोरी, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"तात्या, आपण मांगेले, जाळी टाकणारे. आपल्या सात पिढ्यांनी दुसरं काय केलं?"

तात्यांना हसू आवरलं नाही. पण जाताना ते म्हणाले, "हसलो म्हणून पटलं असं समजू नकोस."

माघार घ्यावी का, याचा रात्र रात्र विचार करावा असं तिला काही वाटलं नाही. संताप मात्र आला. आणि तो देवेशपेक्षा स्वतःचाच जास्त आला. तिनं खरं लिहिलं होतं, पण ते ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. रिपोर्ट जायचे हॉस्पिटलला, आणि तिथेच राहायचे.

दिवाळीनंतर गंजाडची सुकी आली. वय एकोणतीस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलीतल्या एका पावतीवर कल्पिताच्या लॅबचा शिक्का.

"माझी पिशवी काढली. कॅन्सर होणार होता, डॉक्टर म्हणाला. माझा कागद तुझ्याकडे हाय का?"

कल्पितानं रिपोर्ट शोधून काढला आणि मराठीत वाचून दाखवला.

सुकीनं ऐकून घेतलं. "म्हंजे काय होतं?"

"काही नव्हतं."

"गाठ?"

"नव्हती."

सुकीनं फाइल मिटली. मग तिनं विचारलं, "मग माझी पिशवी गेली कुठं? फेकली?"

"सगळी नाही. तिचे तुकडे इथे मेणात ठेवलेत."

"दाखव."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. संगीतानं स्लाइड काढून लावली. सुकी स्टुलावर बसली, एक डोळा हातानं झाकून वाकली.

"दिसलं?"

"गुलाबी गुलाबी हाय. मधे जांभळे ठिपके."

"निरोगी पिशवी अशीच दिसते."

सुकी तशीच वाकून बघत राहिली. उठली तेव्हा डोळे कोरडे होते. "आता लिहून दे. मराठीत. मोठ्या अक्षरात. इंग्लिश कागद ते दाबतात."

कल्पितानं लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. पेशंटला तिचा रिपोर्ट देण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आपण हे आधी का केलं नाही, हे तिनं सुकीसमोरच बोलून दाखवलं. सुकीनं तिला माफबिफ केलं नाही. "आता कर," एवढंच म्हणाली.

आठवड्यानं ती आणखी सहाजणींना घेऊन आली. सगळ्यांचे कागद तयार झाले. ते घेऊन बायका जिल्ह्याला आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या, अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. चौकशी बसली. देवेशच्या वकिलानं मुद्दा काढला, की लॅबमध्ये तुकड्यांची अदलाबदल झाली असणार.

"सगळे मेणाचे ठोकळे बाहेर पाठवा," कल्पिता चौकशीसमोर म्हणाली. "मला न ओळखणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे. माझी चूक निघाली तर लॅबला मीच कुलूप लावते."

ठोकळे मुंबईला गेले. दीड महिन्यानं उत्तर आलं. सातही गर्भाशयं निरोगी.

हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर बंद करण्याचा आदेश निघाला. चौकशी अजून चालूच आहे. देवेश मोकळेच आहेत, दुसरीकडे बसतात म्हणे. सुकीला भरपाई मिळालेली नाही. पण त्या भागात आता ऑपरेशन झालेली बाई घरी जाण्याआधी कागद मागते, आणि तो नाही दिला तर सोबतची माणसं खाटेपाशीच बसून राहतात. पाठ फिरवलेल्या दोन हॉस्पिटलांपैकी एक परत आलं. दुसरं आलं नाही. कल्पितानं विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात देवेशची नोटीस आली, अब्रुनुकसानीची. तेव्हा शांती लॅबमध्येच होती, लेकीसाठी सुकट घेऊन आलेली. लिफाफा बघून तिनं विचारलं, "काय म्हणतात?"

"मी लिहिलेलं मागे घ्या म्हणतात. नाहीतर कोर्टात या."

"मग?"

"मग काय, कोर्टात जाऊन परत तेच सांगणार."

"तारीख कधीची?" शांती म्हणाली. "त्या दिवशी मी बाजारात मासे विकायला बसत नाही. तुझ्याबरोबर येते."