खुलासा करावा

चामोर्शी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी पुण्याकडचा. माणसांशी बोलण्यापेक्षा कागद लिहिणं मला सोपं जायचं. नर्सबाईंचं टेबल माझ्या खोलीपासून दहा पावलांवर, तरी मी त्यांना मेमो पाठवायचो.

त्या पावसाळ्यात एका गावची लसीकरणाची आकडेवारी फारच घसरली. मी लिहिलं, ‘खुलासा करावा.’ उत्तर आलं, ‘चूक झाली, क्षमा असावी.’ पुढच्या महिन्यात तोच मेमो, तेच उत्तर. तिसरा मेमो लिहायला घेतला तेव्हा कंपाउंडरभाऊ दारातच थांबले.

“साहेब, बाईले एकदा बोलावून विचारून तर पाहा.”

बाई आल्या. वीस वर्षांची नोकरी झालेल्या, पण माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. बसा म्हणून दोनदा सांगावं लागलं.

“आपण दहा वाजता जातो साहेब. तवा गावात कोनी नाई राहत. धानाचं रोवणं सुरू आहे, बाया लेकरं घेऊन सकाळीच बांधीवर जातात.”

“मग लवकर जा.”

“लस थंड ठेवाचा बर्फ नवाच्या बसनं येते.”

हे मला माहीतच नव्हतं. “आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं कुठी? साहेबाचा कागद आला का माणूस घाबरून माफीच लिहिते.”

मला ओशाळल्यासारखं झालं. मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं, लस थेट शेतावर न्यायची, दुपारच्या जेवणाच्या वेळी. पहिल्या दिवशी मीही गेलो. चिखलाने भरलेल्या हातांनी बाया बांधावर बसल्या होत्या, लेकरं झाडाखाली निजलेली. बाईंनी एकेकीला नावाने हाक मारली. त्या दिवशी एकही लेकरू सुटलं नाही.

नंतर दर सोमवारी सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं. सुरुवातीचे दोन सोमवार मीच बोललो, बाकीचे माना हलवत राहिले. तिसऱ्या सोमवारी बाई म्हणाल्या, “साहेब, तुम्ही पेशंटकडे न पाहताच चिठ्ठी लिहिता. लोकाले ते आवडत नाई.”

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. खरं होतं, म्हणूनच झोंबलं होतं. गुरुवारी पहिला पेशंट आला, तेव्हा पेन खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, “काय होते भाऊ, सांगा.”